अर्धशिशीतील तेजोरेषा आणि संततिनियमनाची गोळी

अर्धशिशी हा विकार महाराष्ट्रातील घरांना नवा नाही. डोक्याचा एकच अर्धा भाग ठणकू लागला, उजेड सोसेनासा झाला, मळमळू लागले, म्हणजे घरातील वडीलधारी बाई सुंठ उगाळून कपाळावर लेप देते, खोलीच्या खिडक्या लावून घेते आणि मुलांना गोंगाट न करण्याची ताकीद देते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात शिरोरोगांचे जे अकरा प्रकार सांगितले आहेत, त्यांत ‘अर्धावभेदक’ हा एक असून तो पंधरवड्याने, दहा दिवसांनी किंवा अकस्मात उद्भवतो, असे तेथे म्हटले आहे. ग्रीक वैद्य गेलन याने ‘अर्धी कवटी’ अशा अर्थाचे जे नाव ह्या विकाराला वापरले, त्याचाच अपभ्रंश होत होत आजचा ‘मायग्रेन’ हा शब्द बनला. म्हणजे निदान नावाच्या बाबतीत तरी पूर्व आणि पश्चिम यांचे एकमत आहे.

परंतु ह्या विकाराचा एक पोटभेद असा आहे की, त्यात डोके दुखू लागण्यापूर्वी रोग्याच्या दृष्टीपुढे एक चमत्कारिक देखावा उभा राहतो. त्या देखाव्याच्या अभ्यासाचा इतिहास आणि विसाव्या शतकात निघालेल्या संततिनियमनाच्या गोळीचा इतिहास हे दोन प्रवाह प्रथम अगदी निरनिराळे वाहत होते. ते एकत्र कसे आले, आणि एकत्र येण्यास इतका विलंब का लागला, हा प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

प्रथम देखाव्याविषयी. इंग्लंडमध्ये विल्यम वोलास्टन नावाचा एक थोर रसायनशास्त्रज्ञ होऊन गेला. पॅलेडियम आणि ऱ्होडियम ह्या धातूंचा शोध त्याच्या नावावर आहे. एके दिवशी त्याला समोरून येणाऱ्या माणसाचा अर्धाच चेहरा दिसू लागला. एका दारावरची ‘जॉन्सन’ ही पाटी वाचू जाता तीतील शेवटचे ‘सन’ एवढेच त्याला दिसले. आरंभीची अक्षरे जणू कोणी पुसून टाकली होती. पाव तासाने दृष्टी पूर्ववत झाली. दुसरा कोणी असता तर घाबरून देवाचा धावा करता. वोलास्टन विचार करीत बसला. दोन्ही डोळ्यांना एकच बाजू दिसेनाशी झाली, त्या अर्थी बिघाड डोळ्यांत नसून डोळ्यांच्या मागे, मज्जातंतूंच्या वाटेवर कोठेतरी असला पाहिजे, असे अनुमान त्याने काढले, आणि १८२४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ग्रंथमालेत ते प्रसिद्ध केले. त्याला झालेला विकार अर्धशिशीच्या जातीचा असावा, असे पुढील अनेक अभ्यासकांनी मानले आहे.

त्यानंतर चाळीस वर्षांनी ग्रीनिचच्या वेधशाळेचे प्रमुख, राजज्योतिषी जॉर्ज बिडेल एअरी यांनी आपल्या स्वतःच्या अशाच अनुभवाचे वर्णन १८६५ साली छापले. त्यांचे चिरंजीव ह्युबर्ट एअरी हे डॉक्टर होते आणि त्यांनाही हाच विकार होता. १८७० साली ह्युबर्टनी आपल्या दृष्टीपुढे दिसणाऱ्या देखाव्याचे क्रमवार रंगीत चित्रच काढून दाखविले. ते चित्र वैद्यकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. आरंभी दृष्टीच्या मध्याजवळ एक लहानसा ठिपका उमटतो आणि त्या ठिपक्यापुरती अक्षरे नाहीशी होतात. मग तो ठिपका वाढत जातो. त्याच्या कडेला नागमोडी, कोनाकोनांची, थरथरणारी तेजस्वी रेषा दिसू लागते. तिचा आकार चंद्रकोरीसारखा होत होत ती दृष्टीच्या एका कडेकडे सरकते, आणि वीस-पंचवीस मिनिटांत बाहेर निघून जाते. डोळे मिटले तरी ती दिसतच राहते. ह्युबर्टना ती रेषा बुरुजांनी वेढलेल्या गावकुसासारखी भासली. म्हणून त्यांनी ग्रीक भाषेतील ‘तटबंदी’ ह्या शब्दावरून तिला नाव दिले. रायगड-प्रतापगडाची चित्रे पाहत वाढलेल्या वाचकास ह्या उपमेचे मर्म सांगावयास नको. तटाचा एक बुरूज पुढे आलेला, दुसरा मागे गेलेला, आणि सबंध तट जणू पेटलेला, असा तो देखावा असतो. हाच प्रकार आज ‘ऑरा’ ह्या नावाने ओळखला जातो. मराठीत त्याला पूर्वचिन्ह किंवा तेजोवलय म्हणता येईल; पण डॉक्टरांच्या तोंडी ‘ऑरा’ हाच शब्द रूढ झाला आहे.

पुढे १९४१ साली कार्ल लॅशली ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या स्वतःच्या तेजोरेषेचा नकाशा घड्याळ पुढे ठेवून कागदावर उतरविला. मेंदूच्या मागील भागात, जेथे दृष्टीचे केंद्र आहे तेथे, कसलीतरी लाट मिनिटाला सुमारे तीन मिलिमीटर ह्या मंद गतीने पसरत असली पाहिजे, असा हिशेब त्याने मांडला. मुंगीची चालही तिच्यापुढे घोडदौड म्हणावी लागेल! तीनच वर्षांनी, १९४४ साली, आरिस्टिडेस लेआओ ह्या ब्राझीलच्या तरुण संशोधकाने हार्वर्ड येथे सशाच्या मेंदूवर प्रयोग करीत असता तशीच एक लाट प्रत्यक्ष पाहिली. ती जेथून जाई तेथील मज्जापेशींचे काम काही काळ बंद पडे, आणि तिची गतीही मिनिटाला दोन-तीन मिलिमीटर एवढीच भरली. लॅशलीचा हिशेब आणि लेआओची लाट यांचा मेळ अचूक बसतो, हे १९५८ साली पीटर मिल्नर याने दाखवून दिले.

येथपर्यंतच्या हकीकतीतील एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. वोलास्टन, एअरी पितापुत्र, लॅशली हे सर्व पुरुष होते, विद्वान होते, आणि मोठमोठ्या संस्थांचे सभासद होते. आपल्याला जे दिसले ते त्यांनी सांगितले आणि जगाने ते खरे मानले. त्यांना कोणी ‘हा तुमच्या मनाचा खेळ’ असे म्हटले नाही. वस्तुतः अर्धशिशी हा विकार वयात आल्यानंतर पुरुषांपेक्षा स्त्रियांना सुमारे तिप्पट प्रमाणात होतो, आणि अर्धशिशी असणाऱ्यांपैकी चौथ्या हिश्श्यापासून तिसऱ्या हिश्श्यापर्यंत लोकांना तेजोरेषा दिसते. परंतु स्त्रियांनी काढलेली चित्रे रॉयल सोसायटीत कोण वाचून दाखविणार होते?

आता दुसरा प्रवाह. संततिनियमनाचा प्रश्न महाराष्ट्रात उघडपणे मांडण्याचे श्रेय रघुनाथ धोंडो कर्वे यांचे आहे. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले. त्यापायी त्यांना नोकरी, पैसा आणि लोकांचा आदर ह्या तिन्हींस मुकावे लागले, खटलेही सोसावे लागले. त्यांच्या काळची साधने म्हणजे रबराच्या टोप्या, पिशव्या आणि जंतुनाशक औषधे. ती गैरसोयीची असत, क्वचित दगाही देत. पण जेथे वापरावयाची तेवढ्यापुरताच त्यांचा संबंध असे. रक्तात शिरून यकृतापर्यंत आणि मेंदूपर्यंत जाणारे साधन तोवर निघाले नव्हते. अमेरिकेतील मार्गारेट सँगर ह्या कर्व्यांच्याच पंथातल्या. १९३५ सालच्या डिसेंबरात त्या वर्ध्यास येऊन महात्मा गांधींना भेटल्या. कृत्रिम साधनांना गांधींचा विरोध होता आणि तो अखेरपर्यंत मावळला नाही. १९५२ साली मुंबईत भरलेल्या परिषदेतच संततिनियमनाच्या जागतिक संघाची स्थापना झाली, आणि सँगर व श्रीमती धन्वंती रामा राव ह्या दोघी तिच्या अध्यक्षा झाल्या. १९५३ साली कर्वे वारले. ज्या गोळीने त्यांचे स्वप्न पुरे व्हावयाचे होते, ती त्यांना पाहावयास मिळाली नाही.

ती गोळी त्या वेळी अमेरिकेत घडत होती. स्त्रीच्या शरीरात दोन संप्रेरके आळीपाळीने कमीअधिक होत असतात, एक ईस्ट्रोजेन व दुसरे प्रोजेस्टेरॉन. गरोदरपणी पुन्हा गर्भ राहत नाही तो ह्या दुसऱ्याच्या प्रभावाने. तेव्हा बाहेरून तसेच द्रव्य दिले तर शरीरास गरोदरपणाचा भास होऊन बीज सुटणार नाही, ही कल्पना ऑस्ट्रियातील इन्सब्रुकचे प्राध्यापक लुडविग हाबरलांट यांनी १९२० च्या सुमारास सशांवरील प्रयोगांनी मांडली होती. लोकनिंदेने हैराण होऊन १९३२ साली त्यांनी आत्मघात केला. पुढे मेक्सिकोतील रानटी कंदांपासून हे द्रव्य स्वस्तात बनविता येऊ लागले, आणि १९५१ साली तेथेच तोंडावाटे घेता येईल असे त्याचे कृत्रिम रूपही सिद्ध झाले. सँगरबाईंच्या आग्रहाने ग्रेगरी पिंकस ह्या शास्त्रज्ञाने काम हाती घेतले, कॅथरिन मॅकॉर्मिक ह्या श्रीमंत विधवेने पैसा पुरविला, आणि जॉन रॉक हे धर्मनिष्ठ कॅथलिक डॉक्टर त्यांना येऊन मिळाले. ‘सर्ल’ ह्या औषधकंपनीच्या रसायनशाळेने द्रव्य पुरविले. त्या द्रव्यात प्रथम ईस्ट्रोजेनचा अंश अभावितपणे मिसळलेला आढळला. तो काढून टाकला तेव्हा अवेळी रक्तस्राव होऊ लागला. म्हणून तो मुद्दाम परत घालण्यात आला. पुढील सर्व हकीकतीचे मूळ ह्या परत घातलेल्या अंशात आहे.

१९५६ साली पोर्तो रिको बेटावरील रिओ पिएद्रास येथे, गरिबांसाठी बांधलेल्या वसाहतीत, मोठ्या प्रमाणावर चाचणी सुरू झाली. गोळी घेणाऱ्या स्त्रियांना मुले नको होती, आणि गोळीने मुले होत नाहीत एवढे त्यांना कळले होते. आपल्यावर प्रयोग चालला आहे ह्याची पुरेशी समज त्यांना दिलेली नव्हती. चाचणीवर देखरेख करणाऱ्या डॉक्टर एड्रिस राइस-रे ह्या स्वतः स्त्री होत्या. शंभरांतील १७ स्त्रिया मळमळ, घेरी, डोकेदुखी, पोटदुखी, वांती अशा तक्रारी करतात, असे त्यांनी नमूद केले. गोळी गर्भधारणा रोखते हे खरे, पण सरसकट देण्याजोगी ती नाही, असा त्यांचा अभिप्राय पडला. पिंकसना तो पटला नाही. ह्या तक्रारी बहुतांशी मनाच्या आहेत, त्रास होईल असे सांगितले म्हणजे त्रास होतो, असे त्यांचे मत होते, आणि नकली गोळ्या देऊन त्यांनी ते सिद्ध करण्याचा प्रयत्नही केला. कल्पनेने माणसास मळमळते ही गोष्ट खोटी नाही. परंतु ज्या १७ जणींनी तक्रार केली, त्यांतील कोणाला डोके दुखण्यापूर्वी काय दिसत होते, हे विचारण्याचे कोणाच्या मनात आले नाही. एअरींचे चित्र प्रसिद्ध होऊन त्या वेळी ८६ वर्षे लोटली होती.

‘एनोव्हिड’ ह्या नावाने ही गोळी १९५७ साली मासिक पाळीच्या विकारांवर, आणि १९६० साली संततिनियमनासाठी अमेरिकन सरकारने मंजूर केली. तिच्यात मेस्ट्रॅनॉल नावाच्या ईस्ट्रोजेनचे १५० मायक्रोग्रॅम होते. आजच्या गोळीत एथिनिल एस्ट्राडायॉल नावाचे दुसरे ईस्ट्रोजेन बहुधा २० ते ३५ मायक्रोग्रॅम असते. दोन्ही द्रव्यांची ताकद अगदी सारखी नाही. तरी त्या पहिल्या पिढीतील स्त्रियांनी किती जबर मात्रा घेतली ह्याची कल्पना एवढ्यावरून येईल. गोळी झपाट्याने पसरली, आणि तिने लक्षावधी स्त्रियांचे आयुष्य पालटून टाकले, हेही तितकेच खरे आहे. दर दीड वर्षाने बाळंतपण सोसणाऱ्या बाईस तिचे मोल काय वाटले असेल, ते पुरुषांनी केवळ तर्कानेच जाणावे.

१९६१ च्या अखेरीस इंग्लंडच्या ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यक-साप्ताहिकात डब्ल्यू. एम. जॉर्डन ह्या डॉक्टरचे एक छोटेसे पत्र आले. चाळीस वर्षांच्या एका परिचारिकेस हीच गोळी, संततिनियमनासाठी नव्हे तर दुसऱ्या एका स्त्रीरोगासाठी, दिली असता तिच्या फुप्फुसांत रक्ताच्या गुठळ्या जाऊन अडकल्या होत्या. पुढच्याच वर्षी गोळी घेणाऱ्या एका स्त्रीच्या मेंदूस इजा झाल्याची हकीकत प्रसिद्ध झाली. एकेका उदाहरणावरून काही सिद्ध होत नाही; पण अशी उदाहरणे साठत गेली. विल्यम इन्मन आणि मार्टिन व्हेसी यांनी १९६८ साली ब्रिटनमधील मृत्यूंची छाननी करून गोळी व रक्ताच्या गुठळ्या यांचा संबंध नि:संशय दाखविला. ब्रिटन, स्वीडन व डेन्मार्क ह्या तीन देशांतील नोंदी एकत्र केल्यावर, ईस्ट्रोजेनची मात्रा जितकी अधिक तितका धोका अधिक, हेही उघड झाले. १९६९ च्या डिसेंबरात ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने ५० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक ईस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या देऊ नयेत, असा सल्ला डॉक्टरांना दिला.

अमेरिकेत १९७० च्या जानेवारीत सिनेटर गेलॉर्ड नेल्सन यांच्या अध्यक्षतेखाली ह्याच प्रश्नाची चौकशी झाली. बार्बरा सीमन ह्या लेखिकेचे गोळीविरुद्धचे पुस्तक आदल्याच वर्षी निघाले होते आणि त्यानेच चौकशीस चालना मिळाली होती. साक्षीस डॉक्टर आले, शास्त्रज्ञ आले; गोळी घेतलेली एकही सामान्य स्त्री साक्षीस बोलावलेली नव्हती. प्रेक्षकांच्या बाकांवर बसलेल्या काही तरुण स्त्रिया उठून उभ्या राहिल्या आणि ‘आम्हांला कोणी का विचारीत नाही?’ अशा अर्थाचा सवाल त्यांनी भर सभेत केला. सभेची शिस्त मोडली खरी, पण चौदा वर्षांपूर्वी पोर्तो रिकोत जे विचारावयास हवे होते त्याचीच ती आठवण होती. त्याच वर्षापासून गोळीच्या डबीबरोबर धोक्याची माहिती देणारे पत्रक घालणे अमेरिकेत सक्तीचे झाले.

तरीही अर्धशिशीचा प्रश्न बाजूसच राहिला होता. गोळीने काही स्त्रियांची डोकेदुखी वाढते, काहींना ती प्रथमच जडते, हे ऑक्सफर्डच्या चार्ल्स व्हिटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ साली लिहिले. महिन्यातील ज्या दिवसांत गोळी बंद असते, त्या दिवसांत अर्धशिशी विशेष उठते, असेही त्यांना आढळले. सिडनीचे ब्रायन सॉमरव्हिल यांनी १९७२ साली त्याचे कारण दाखविले. रक्तातील ईस्ट्रोजेन एकाएकी खाली आले की साधी, म्हणजे तेजोरेषेविना होणारी, अर्धशिशी उठते. पाळीच्या सुमारास अनेक स्त्रियांचे डोके दुखते ते ह्यामुळेच. तेजोरेषेचे मात्र उलट आहे. ईस्ट्रोजेन उंचावलेले असताना ती अधिक दिसते. गोळी सुरू केल्यावर कित्येकींना ती आयुष्यात प्रथमच दिसू लागते, आणि गरोदरपणीही असे घडते. म्हणजे एकाच नावाखाली नांदणारे हे दोन विकार एका संप्रेरकापुढे परस्परविरुद्ध वागतात. त्यांचा हिशेब एकत्र मांडणे म्हणजे नफ्यातोट्याची एकच बेरीज करणे होय.

आणि नेमके तेच बराच काळ चालले होते. अमेरिकेतील अनेक रुग्णालयांनी मिळून तरुण स्त्रियांच्या पक्षाघाताचा अभ्यास केला, त्याचे निष्कर्ष १९७३ व १९७५ साली बाहेर आले. गोळी घेणाऱ्या स्त्रियांत मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होण्याचे प्रमाण सुमारे नऊपट दिसले, आणि अर्धशिशी असेल तर धोक्यात आणखी भर पडते अशी खूणही मिळाली. पण कोणती अर्धशिशी? कोणी तिला ‘अभिजात’ म्हणे, कोणी ‘सामान्य’ म्हणे, कोणाच्या लेखी दोन्ही एकच. आंतरराष्ट्रीय शिरोवेदना-संस्थेने १९८८ साली ‘ऑरासहित’ व ‘ऑराविरहित’ अशी स्पष्ट विभागणी करून प्रत्येकीची लक्षणे ठरवून दिली, तेव्हा कोठे मोजणी सारखी होऊ लागली. नाव नीट नसले म्हणजे गणती नीट होत नाही, आणि गणती नीट नसली म्हणजे धोका दिसत नाही. शास्त्राच्या इतिहासात हे पुनःपुन्हा घडलेले आहे.

ह्या विभागणीचा उपयोग करून फ्रान्समधील क्रिस्तोफ त्सूरिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली ४५ वर्षांखालील ७२ पक्षाघातग्रस्त स्त्रियांची १७३ इतर स्त्रियांशी तुलना केली. अर्धशिशी नसलेल्या स्त्रियांच्या मानाने, तेजोरेषा दिसणाऱ्या स्त्रियांत पक्षाघाताचा संभव सुमारे ६ पट भरला. अर्धशिशी आणि गोळी ही दोन्ही असतील तर तो सुमारे १४ पट झाला. अर्धशिशी असून दिवसाला वीस सिगारेटी ओढल्या तर १० पट. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोठ्या अभ्यासातून १९९९ साली आलेला आकडा अधिकच भयंकर होता. अर्धशिशी, गोळी आणि धूम्रपान ही तिन्ही एकत्र आली तर संभव सुमारे ३४ पट. हे तिघे एकमेकांत नुसते मिळवले जात नाहीत, त्यांचा गुणाकार होतो.

ह्याचे कारण अंशतः कळले आहे. गोळीतील ईस्ट्रोजेन यकृतावर परिणाम करून रक्त गोठविणाऱ्या द्रव्यांचे प्रमाण वाढविते. लेआओची लाट मेंदूवरून जाते तेव्हा तिच्या मागोमाग त्या भागातील रक्तप्रवाह काही काळ मंदावतो. रक्त गोठण्यास उत्सुक आणि प्रवाह मंद, असा योग एके ठिकाणी जुळून आला म्हणजे अनर्थास वाव मिळतो. तेजोरेषा दिसणाऱ्यांच्या रक्तवाहिन्यांची आतील त्वचाही पुरती निरोगी नसावी, असा संशोधकांचा तर्क आहे.

येथे पटींच्या आकड्यांनी घाबरून जाण्याचे कारण नाही; कारण पट कशाची, हे पाहिल्यावाचून पटीला अर्थ नसतो. युरोपातील तज्ज्ञांनी २०१७ साली एकत्र येऊन जो हिशेब मांडला तो असा. वीस ते चव्वेचाळीस वयाच्या ज्या स्त्रियांना अर्धशिशी नाही व ज्या गोळी घेत नाहीत, अशा एक लाख स्त्रियांत वर्षाला २.५ जणींना अशा प्रकारचा पक्षाघात होतो. केवळ गोळी घेतली तर हा आकडा ६.३ होतो, केवळ तेजोरेषेची अर्धशिशी असली तर ५.९, आणि दोन्ही असल्या तर ३६.९. म्हणजे दोन्ही असूनही लाखातील ९९ हजार ९०० हून अधिक स्त्रियांना वर्षभरात काही होत नाही. परंतु ज्या ३७ जणींना होते, त्या तिशी-पस्तिशीतल्या, लहान मुलांच्या आया असतात. त्यांचा एक हात लुळा पडतो, वाचा जाते. आणि त्यांतील बहुतेकींचे हे संकट एका प्रश्नाने टळण्याजोगे असते, म्हणूनच ह्या लहान आकड्याचे वजन मोठे आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने संततिनियमनाच्या साधनांविषयी आपली नियमावली १९९६ पासून प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. तीत प्रत्येक विकारापुढे प्रत्येक साधनास एक ते चार असा क्रमांक दिलेला असतो. एक म्हणजे खुशाल वापरावे, चार म्हणजे वापरू नये. तेजोरेषेची अर्धशिशी असलेल्या स्त्रीस, तिचे वय कितीही असो, ईस्ट्रोजेनयुक्त गोळीपुढे चार हा अंक आहे. आजच्या कमी मात्रेच्या गोळ्यांना हा निर्बंध इतका कडक का असावा, जुने आकडे जुन्या जबर गोळ्यांचे आहेत, असा आक्षेप काही डॉक्टर घेतात, आणि तो अगदीच निराधार नाही. तथापि अमेरिकेतील विम्याच्या नोंदींवरून २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही, तेजोरेषा व गोळी एकत्र असता धोका सुमारे सहापट आढळला. तेव्हा निर्बंध कायम आहे.

गोळी नाकारली की बाई सुरक्षित झाली असेही नव्हे. गरोदरपण आणि बाळंतपण ह्यांतही रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढतेच. दुसरे साधन हाती न देता नुसते ‘गोळी नको’ म्हणून परत पाठविणे हा धोका टाळण्याचा मार्ग नाही. दुसरी साधने आहेत. तांबी आहे, तिच्यात कोणतेही संप्रेरक नाही. केवळ प्रोजेस्टेरॉनच्या जातीचे द्रव्य असलेल्या गोळ्या आहेत. भारत सरकारच्या योजनेतील ‘माला-एन’ गोळीत ईस्ट्रोजेन असते. पण लखनौच्या औषध-संशोधन संस्थेत शोधलेली, १९९१ साली ‘सहेली’ नावाने बाजारात आलेली आणि २०१६ पासून ‘छाया’ ह्या नावाने सरकारी योजनेत समाविष्ट झालेली गोळी संप्रेरकांची नाही. जिला तेजोरेषा दिसते आणि जी आधीपासून साधी गोळी घेत आहे, तिने डॉक्टरांस हे सांगून साधन बदलून घ्यावे. मध्येच एखाद्या रात्री घाबरून सर्वच सोडून देऊ नये. मात्र हात-पाय एकाएकी लुळे पडणे, तोंड वाकडे होणे, वाचा अडखळणे असे काही झाल्यास ती अर्धशिशीच असेल असे मानून अंधाऱ्या खोलीत पडून राहू नये, तत्काळ रुग्णालय गाठावे.

जागतिक आरोग्य संघटना आणि तिच्या सहकारी संस्थांनी २००७ साली खेड्यापाड्यांतील आरोग्यसेविकांसाठी संततिनियमनाचे एक हातपुस्तक काढले. यंत्रे नाहीत, तपासण्या नाहीत, अशा ठिकाणी तेजोरेषा कशी ओळखावी, ह्याची सूचना त्यात आहे. दृष्टीच्या एका बाजूस चकाकणारा भाग दिसतो का, तो पाच मिनिटांपासून तासाभरापर्यंत टिकतो का, त्याची कड नागमोडी होत तो चंद्रकोरीसारखा वाढतो का, हे बाईस विचारावे, असे ते पुस्तक सांगते. ह्युबर्ट एअरींच्या चित्राचेच हे वर्णन होय. ह्यापुढे एक बारीक निरीक्षण दिले आहे. तेजोरेषा खरोखर पाहिलेली बाई ती सांगताना बहुधा आपला एक हात उचलून डोक्याच्या बाजूस नेते. आणि शेवटी एक इशारा आहे की, कित्येकदा प्रकाश दिसतो पण त्यानंतर डोके दुखतच नाही. राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांचेही असेच होते. प्रकाशाची ती तटबंदी निघून गेली की बहुधा त्यांना दुसरा काही त्रास होत नसे. म्हणून केवळ ‘डोके दुखते का?’ एवढे विचारून सेविकेने थांबावयाचे नाही. ‘डोळ्यांपुढे काही दिसते का?’ हे निराळे विचारावयाचे असते.